प्लास्टिक नव्हे, प्लाझ्मिक : लांबलचक इंग्रजी शब्द फोडायचे कसे?

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातले अडखळणे, खोकणे काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. मेसेज पाठवणारी मुलगी अहमदपूर तालुक्यातली आहे. दहावीपर्यंत गावात मराठी माध्यमात शिकली, आता अकरावी सायन्सला लातूरला खोली करून राहते. ती म्हणते, "दादा, बायॉलॉजीचं पुस्तक उघडलं की लांबलचक शब्द दिसतात आणि डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. शब्द सोडून वाचायची सवयच लागली. सर बोलायलेत ते कळतंय असं वाटतं, पण पुस्तकात तोच शब्द ओळखू येत नाही. मराठी मीडियमची दहा वर्षं वाया गेली का?"

तो शेवटचा प्रश्न मी तीनदा ऐकला. कारण तो मीही विचारला होता. फक्त मोठ्याने नाही.

मी मूळचा कंधार तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी झालो आणि घरच्यांनी लातूरला पाठवलं. लातूर पॅटर्नचं नाव आमच्याकडे देवाच्या खालोखाल घेतात. दुसऱ्या आठवड्यात एका वर्गात सरांनी मला उभं करून उतारा वाचायला लावला. मी वाचत गेलो आणि 'एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम'पाशी गाडी थांबली. एन्डो... प्लास... प्लास... आणि तोंडातून निघालं, "प्लास्टिक." वर्ग हसला. सरही हसले. वर्षभर मला 'प्लास्टिक' याच नावाने हाक मारायचे. चेष्टाच होती, पण त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात मोठ्याने एक ओळ वाचली नाही. शंका आली तरी विचारायची नाही, कारण विचारायला तो शब्द उच्चारावा लागतो ना!

म्हणून आज आपण हे शब्द फोडायला शिकू. फोडायचं म्हणजे दोन वेगवेगळ्या जागी फोडायचं, हे आधी लक्षात घ्या. एक फोड कानासाठी, एक फोड अर्थासाठी. या दोन्ही फोडी बहुतेकदा एकाच जागी पडत नाहीत. सगळा घोळ तिथेच होतो.

आधी कानाची फोड

हनुवटीखाली हात आडवा धरा आणि सावकाश म्हणा, 'नांदेड'. हनुवटी दोनदा खाली आली. नां-देड. आता 'लातूरकर'. ला-तूर-कर, तीनदा. एका दमात तोंड जेवढं उघडतं तेवढा एक तुकडा. इंग्रजीत त्याला सिलॅबल म्हणतात. मी आज त्याला 'घास' म्हणणार आहे, कारण भाकर आपण एका वेळी एक घास खातो, अख्खी तोंडात कोंबत नाही.

आता एक गंमत बघा. 'लातूरकरांसारख्यांनासुद्धा' हा शब्द तुम्ही आत्ता सहज वाचलात. ला-तूर-क-रां-सार-ख्यां-ना-सुद्-धा. नऊ घास! कुणाला घाम फुटला? नाही. आणि दवाखान्याच्या पाटीवरचा 'गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट' बघून फुटतो. त्याचे घास किती? गॅस-ट्रो-एन-ट-रॉ-ल-जिस्ट. सातच. म्हणजे लांबी हा प्रश्न नाहीच. मराठी शब्द कुठे तुटतो हे आपल्याला आईने न शिकवता शिकवलंय. इंग्रजी शब्द कुठे तुटतो हे कुणीच सांगितलं नाही, इतकंच.

घास मोजताना अक्षरं मोजायची नाहीत, स्वर ऐकायचे. 'स्ट्रेंग्थ' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं आहेत आणि घास एक. 'आयडिया'त अक्षरं चार आणि घास तीन. मराठीतही तसंच आहे. 'स्त्री' लिहायला अवघड, पण घास एकच.

मग जोर

इथे मात्र मराठी आणि इंग्रजीची वाट वेगळी होते. मराठीत आपण शब्दाचे सगळे घास साधारण सारख्याच वजनाने बोलतो. एखाद्या घासावर जास्त जोर दिला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही. व्याकरणात या जोराला आघात म्हणतात. इंग्रजीत लांब शब्दातला एक घास पाटलासारखा मधोमध बसतो आणि बाकीचे अंग चोरून उभे राहतात. ज्यावर जोर आहे तो स्वच्छ ऐकू येतो. ज्यांच्यावर नाही, त्यांचे स्वर झिजतात आणि बऱ्याचदा नुसता 'अ' उरतो, आपल्या 'अमर'मधला पहिला 'अ' असतो ना, साधारण तसा.

सगळ्यांना माहीत असलेला शब्द घेऊ. फो-ट-ग्राफ. जोर पहिल्यावर. आता फोटो काढण्याची कला, फ-टॉ-ग्र-फी. जोर दुसऱ्यावर गेला आणि 'फो'चा 'फ' झाला. आणि त्याचं विशेषण, फो-ट-ग्रॅ-फिक. जोर तिसऱ्यावर. मूळ शब्द एकच, पण पाटील दर वेळी जागा बदलतो.

आपल्या मुलीला सरांचं बोलणं आणि पुस्तकातला शब्द जुळवता येत नाही, त्याचं कारण हेच. डोळ्यांना 'फोटो' दिसतो आणि कानाला 'फटॉ' ऐकू येतं. ती मंद नाही. शब्दच दोन वेषांत येतोय.

मग जोर कुठे पडणार हे ओळखायचं कसं? शब्दाच्या शेपटाकडे बघायचं. चार शेपटं लक्षात ठेवा.

पहिलं शेपूट 'शन', म्हणजे टी-आय-ओ-एन. जोर बरोबर त्याच्या आधीच्या घासावर. रेस-पि-रे-शन. ट्रान्स-पि-रे-शन. क्लॅ-सि-फि-के-शन.

दुसरं शेपूट 'इक'. इथेही जोर आदल्या घासावर. एन-डो-प्लाझ्-मिक. हाच तो माझा शत्रू! 'प्लाझ्'वर टाळी वाजवली असती, तर 'प्लास्टिक' झालंच नसतं.

तिसरं 'इटी'. पुन्हा आधीचा घास. इ-म्यू-नि-टी. यु-नि-व्हर-सि-टी.

चौथं 'लॉजी'. आपण 'लॉ' म्हणून तिथेच जोर देतो, पण इंग्रजीत जोर त्याच्या आधीच्या 'ऑ'वर असतो आणि 'लॉ' झिजून 'ल' होतो. बाय-ऑ-ल-जी. कार-डि-ऑ-ल-जी.

अपवाद आहेत बरं का. 'पॉलिटिक्स'च्या शेवटी 'इक' आहे, तरी जोर पहिल्याच घासावर. राजकारणाला नियम लागत नाही, असं म्हणून सोडून द्या. पण बायॉलॉजीच्या पुस्तकात ही चार शेपटं तुमचं बरंच काम करतील.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हे सगळं साहेबासारखं बोलण्यासाठी नाही. आपण मराठवाड्याची माणसं, आपलं इंग्रजी आपल्या वळणाचं राहणार आणि त्यात लाज काही नाही. जोर शिकायचा तो ऐकलेला शब्द ओळखण्यासाठी आणि वाचताना बुजू नये म्हणून.

आता अर्थाची फोड

आपल्या घराघरात माहीत असलेला शब्द घेतो, व्हॅलिडिटी. मेडिकलच्या प्रवेशाच्या वेळी कास्ट व्हॅलिडिटीसाठी ज्याने चपला झिजवल्यात, त्याला या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. मूळ शब्द व्हॅ-लिड, म्हणजे वैध. शेपूट लागलं की व्ह-लि-डि-टी, म्हणजे वैधता. पुढे 'इन' लागला की इन-व्हॅ-लिड, म्हणजे अवैध. 'इन' म्हणजे 'अ', 'इटी' म्हणजे 'ता'. डबे तेच, मागेपुढे जोडलेले. आणि जोर चुकला तर काय होतं बघा. तेच स्पेलिंग इन-व्ह-लिड असं पहिल्या घासावर जोर देऊन म्हटलं, तर अर्थ होतो आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस. कागद अवैध आहे आणि माणूस आजारी आहे, यात नुसत्या जोराचा फरक!

आता दोन्ही फोडी शेजारी ठेवू. थर्मामीटर. अर्थाने फोडला तर थर्मो अधिक मीटर, उष्णता अधिक मापक. कानाने फोडला तर थर्-मॉ-मि-टर. 'थर्मो' मधूनच कापला गेला. तसंच कार्डिऑलॉजी. अर्थ कार्डिओ अधिक लॉजी, कान कार-डि-ऑ-ल-जी. 'ओ' दोन्हीकडचा, पण जोराने त्याचा 'ऑ' केला.

हे विचित्र वाटतंय? मग 'सूर्योदय' घ्या. कानाला सूर्-यो-दय. अर्थाला सूर्य अधिक उदय. तो 'यो' कुणाचा? सूर्याचा का उदयाचा? दोघांचा. 'विद्यार्थी' कानाला विद्-यार्-थी, अर्थाला विद्या अधिक अर्थी. संधी सोडवा म्हणून आपल्याला शाळेत पाच-पाच गुणांना प्रश्न यायचे. तेच काम आहे हे. इंग्रजी शब्दाची संधी सोडवायची.

मराठी माध्यमाची दहा वर्षं

माझ्या अकरावीच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. धाकटी बहीण ओट्यावर बसून विज्ञान पाठ करत होती, "आंतर्द्रव्यजालिका, आंतर्द्रव्यजालिका..." मी दारातच थांबलो.

ती म्हणाली, "असं काय बघायलास?"

मी म्हटलं, "पुन्हा म्हण."

आंतर, द्रव्य, जालिका. एन्डो म्हणजे आत. प्लाझ्म म्हणजे पेशीतलं द्रव्य. रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये लहानसं जाळं. तुकड्याला तुकडा! ज्या शब्दावर वर्ग हसला होता, तो शब्द मी लातूरला जायच्या आधीच पाठ केलेला होता, अर्थासकट. फक्त तोच हा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी बहिणीचं पुस्तक आणि माझं पुस्तक शेजारी ठेवून बसलो. फोटोसिन्थेसिस, फो-टो-सिन्-थ-सिस. फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, म्हणजे आपला 'सम्', आणि थेसिस म्हणजे ठेवणं, मांडणं. आपला शब्द प्रकाश-सम्-श्लेषण. इन्व्हर्टिब्रेट, इन-व्हर्-टि-ब्रट. आपला शब्द अ-पृष्ठवंश-ईय. यातला 'वंश' म्हणजे वेळू, बांबू. पाठीतला बांबू नसलेला प्राणी! अँफिबियन, म्हणजे अँफी दोन्हीकडे आणि बायो जीवन. आपला उभय-चर.

आणि मायटोकॉन्ड्रिया, माय-टो-कॉन्-ड्रि-अ. १८९८ साली कार्ल बेन्डा या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव ठेवलं. ग्रीकमध्ये मायटॉस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रिऑन म्हणजे बारीक कण. आपण काय म्हणतो? तंतुकणिका. आता हाच 'मायटो' मायटोसिसमध्ये आहे, आणि आपण त्याला म्हणतो सूत्री विभाजन. सूत्र म्हणजेही धागाच. तंतुकणिका आणि सूत्री विभाजन यांच्यात एकच धागा आहे, हे वर्गात मला कधी कुणी दाखवलं नाही.

हे योगायोगाने झालेलं नाही. मराठीत हे शब्द घडवणाऱ्यांनी आधी इंग्रजी शब्द फोडून पाहिले, प्रत्येक तुकड्याचा अर्थ लावला आणि संस्कृत-मराठीतून तसाच शब्द जोडला. १९६० मध्ये राज्याचं भाषा संचालनालय सुरू झालं, त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. आणि आपल्या भागात तर ही परंपरा त्याहून जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय, लातूर काय, निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होतं. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि शिक्षणाचं माध्यम ठेवलं उर्दू, अगदी विज्ञानासाठीसुद्धा. पुस्तकं हवीत म्हणून त्याच्या आधी १९१७ मध्ये दारुल तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं उघडलं होतं. उर्दूत थर्मामीटरला मिक्यास-उल-हरारत म्हणतात, मिक्यास म्हणजे मापण्याचं साधन आणि हरारत म्हणजे उष्णता. मराठीत तापमापी. तीन भाषा, फोड एकच.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं आहे. दहा वर्षं वाया गेली नाहीत ताई. उलट अर्थाची अर्धी फोड तू आधीच करून आलीस. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'इन्व्हर्टिब्रेट' हा बऱ्याचदा एक अखंड दगड वाटतो. तुझ्याकडे 'अपृष्ठवंशीय' आहे, त्यातला 'अ' तुला कळतो, 'पृष्ठ' तुला कळतं. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायॉलॉजीचे आहेत. परीक्षा मराठीतूनही देता येते हे खरं, पण लातुरातल्या नोट्स आणि सराव परीक्षा बहुतेक इंग्रजीतच असतात, त्यामुळे शब्दांना टाळून चालणार नाही. त्यांना जुन्या ओळखीने भेटायचं.

जिथे फोड फसवते

हे मी तिला कळवलं, तर दोन दिवसांनी पुन्हा मेसेज. "दादा, सगळं जमलं, पण गुणसूत्राचं जमंना. क्रोमोसोममध्ये गुणही नाही न् सूत्रही नाही."

शाबास! अगदी बरोबर पकडलं. क्रोमो म्हणजे रंग, सोम म्हणजे शरीर. रंगीत शरीर. १८८८ मध्ये वाल्डेयर या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं, कारण पेशीला रंग लावला की हे तुकडे तो रंग घट्ट धरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसायचे. त्यांचं काम काय, हे तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. मराठी शब्द घडला तेव्हा ते कळलेलं होतं, म्हणून आपण कामावरून नाव ठेवलं, गुण वाहून नेणारं सूत्र. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त सांगतो.

तसाच मलेरिया. इटालियन भाषेत माला आरिया म्हणजे खराब हवा. दलदलीच्या हवेने ताप येतो अशी समजूत होती. १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्याच सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधले आणि हवा निर्दोष सुटली. नावात मात्र ती अजून आरोपीच आहे. आपला हिवताप बरा, हिव भरतं आणि ताप येतो, एवढंच म्हणतो.

आणि ऑर्थोपेडिक. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टराने हा शब्द केला. ऑर्थो म्हणजे सरळ, आणि पुढचा तुकडा ग्रीकमधल्या 'मूल' या शब्दावरून. मुलांचं वाकडं अंग सरळ करण्याची विद्या. आज त्याच पाटीखाली आजोबा गुडघा धरून बसलेले असतात आणि शब्दात हाडाचं नावसुद्धा नाही!

म्हणजे काय, तर तुकडे शब्दाचा जन्म सांगतात. आजचा अर्थ पुस्तकातूनच घ्यायचा. फोड ही ओळख करून देते, ती पाठ्यपुस्तकाची जागा घेत नाही.

घरी करायचं काम

रोज तीनच शब्द. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात घास पाडा आणि शेपूट बघून जोराच्या घासाखाली रेघ मारा. दुसऱ्यात अर्थाचे तुकडे लिहा. तिसऱ्यात मराठी शब्द लिहा, तोही फोडून. लहान भावाबहिणीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक मागून आणा, रद्दीत घालू नका. मग खोलीचं दार लावून शब्द मोठ्याने म्हणा, जोरावर टाळी द्या. खोलीतल्या मैत्रिणी हसतील. त्यांनाही टाळ्या वाजवायला लावा.

आणि दिवाळीला गावी जाताना बस लातूरहून चाकूर, अहमदपूर करत निघाली की मोबाइल खाली ठेवून दवाखान्यांच्या पाट्या वाचा. त्याहून मोठा शब्दकोश फुकट मिळणार नाही.

जाता जाता एक राहिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की 'प्लास्टिक' आणि 'प्लाझ्मा' हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक धातूतून आलेत, अर्थ घडवणं, आकार देणं. म्हणजे त्या दिवशी वर्गात मी चुकलो खरा, पण चुलत भावाच्याच घरात शिरलो होतो. ही गोष्ट तेव्हा कुणी सांगितली असती, तर हसून झाल्यावर मी पुढची ओळ वाचली असती.

तुमच्या वर्गात कुणी असं अडखळलं, तर हसा हवं तर. पण पुढची ओळ त्याच्याकडूनच वाचून घ्या.

तुम्हाला अडलेला शब्द मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात फोडू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.